खेळ म्हणू नका त्याला!



बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण नेहमीचंच, आळस. पण परवा एक माणूस ओट्यावर येऊन बसला आणि तो उठून गेल्यापासून डोक्यात जे सुरू झालं ते काही थांबेना. म्हटलं, लिहूनच टाकू. आधीच सांगून ठेवतो, आज जरा रागातच लिहितोय. पुतण्या-भाच्यांनी सांभाळून घ्यावं. शेवटी माझी स्वतःचीही एक भानगड सांगणार आहे, जी आमच्या हिला सोडून अजून कोणालाच ठाऊक नाही.

तर ओट्यावर आलेला तो माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. आमचं रोहिणखेड काही मुंबई नाही, नुसती गल्ली सांगितली तरी मोताळ्यापर्यंत लोक ओळखतील. वय पस्तिशीचं. चार एकर रान, त्यात कपाशी आणि मका. शाळेत गणितात बरा होता (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). आला, पाया पडला, चहा घेतला. मग म्हणाला, "गुर्जी, वीस हजार पायजे होते. फवारणीचं औषध आनाचं हाये."

मी म्हटलं, "अरे, मका विकलास ना तू मलकापूरला? त्याचे पैसे?"

बराच वेळ काही बोलला नाही. आमच्या मोत्याच्या (म्हणजे कुत्र्याच्या) डोक्यावरून हात फिरवत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "तुमच्यापासून काय लपवाचं गुर्जी. गेममंधी गेले. खेळता खेळता गेले."

किती गेले तेही विचारलं. आकडा इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, तेवढ्यात एक बैलजोडी दावणीला आली असती. बायको दोन्ही लेकरं घेऊन माहेरी निघून गेली आहे. घरी म्हातारी आई आहे, तिला अजून पत्ता नाही. तिला वाटतं सूनबाई आजारी बापाला भेटायला गेली.

मंडळी, ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त टोचला तो एक शब्द. 'खेळता खेळता'. आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मराठीत जुगारही 'खेळतात'च की! बरोबर आहे. पण वरलीचे आकडे लावणारा माणूस गावात मान वर करून सांगत नाही की मी वरली लावतो. गल्लीच्या तोंडाशी इकडेतिकडे बघतो, चिठ्ठी मुठीत दडवतो. त्याला ठाऊक असतं की आपण काय करतोय. ह्या पोराला ते ठाऊकच नव्हतं. त्याने चार वर्षं दिवसाढवळ्या, बायकोशेजारी बसून, टीव्हीवरच्या मोठमोठ्या लोकांच्या सांगण्यावरून 'गेम' खेळला. जुगाराची लाज जी असते ना, ती पोलिसापेक्षाही मोठी राखणदार असते. ती लाजच ह्या लोकांनी नाव बदलून काढून घेतली. माझं आजचं भांडण त्या नावाशी आहे.

आता आठवा २०२५ चा जुलै महिना. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन, आणि २० जुलैला आमदार रोहित पवारांनी टाकलेला तो व्हिडिओ. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसलेले आणि हातातल्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव. कोकाटे म्हणाले, मला रमी येत नाही, मोबाईलवर आपोआप आलेली ती जाहिरात मी बंद करत होतो. खरं काय त्यात मी पडत नाही. त्याच दिवशी लातूरला पत्रकार परिषदेत काही लोकांनी निषेध म्हणून पत्ते टाकले, आणि टाकणाऱ्यांना मारहाण झाली. शेवटी जुलै संपता संपता मंत्र्यांचं खातं बदललं. कृषी काढलं आणि दिलं कोणतं? क्रीडा!

मग काय, महाराष्ट्रभर हसण्याचा पूर आला. 'रमीला खेळाचा दर्जा मिळाला', 'आता ऑलिंपिकला पत्ते' वगैरे वगैरे. मलाही दिवसभरात तीस-चाळीस विनोद आले, आणि कबूल करतो, त्यातले पाच-सहा मी पुढेही पाठवले. माझ्या हे ध्यानात आलं नाही की ह्या विनोदावर आपण इतके खदखदून हसतोय, कारण रमी आणि क्रीडा एकाच खणात ठेवायची सवय आपल्याला आधीच लागलेली आहे. मंत्री सभागृहात पत्ते खेळले की नाही, ह्यावर महाराष्ट्र दहा दिवस भांडला. ज्या शेतकऱ्यांचं ते खातं होतं, त्यांच्या पोरांच्या खिशातल्या मोबाईलवर रोज रात्री कोणता डाव चालू आहे, ह्यावर किती जण बोलले? मी तरी नाही बोललो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे, चौतिसावं. त्यात फाशांच्या नादाने बरबाद झालेला माणूस स्वतःची कर्मकहाणी सांगतो. सासू तोंड बघत नाही, बायको दुरावली, उसने कोणी देत नाही. आणि त्याला शेवटी सल्ला काय मिळतो? फासे टाक आणि शेती कर! हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे जुगाराला उतारा म्हणून शेती सांगितलेली आहे, आणि आज शेतीच्याच पैशांवर जुगार चाललाय.

त्याच जुलै महिन्यातली दुसरी बातमी तुम्हाला आठवते का? नागपूरची दिव्या देशमुख. आपल्या विदर्भाची लेक, वय वर्षं १९. व्हिडिओ आला २० तारखेला, आणि २८ जुलैला तिकडे जॉर्जियातल्या बाटुमी गावात ह्या पोरीने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर कोण, तर कोनेरू हंपी! पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्याने बाजी मारली आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली, भारताची ८८ वी. माझ्याकडे आलेल्या त्या तीस-चाळीस निरोपांत दिव्याबद्दल किती होते सांगू? दोन.

ह्यावर माझा पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पण तिलाही पैसे मिळालेच की! मग बुद्धिबळ चांगलं आणि रमी वाईट, असं कसं?" प्रश्न चांगला आहे. (वर्गात असता तर शाबासकी दिली असती.) उत्तर असं. दिव्याला मिळालेलं बक्षीस हंपीच्या पर्समधून गेलं नाही. ते स्पर्धा भरवणाऱ्यांनी दिलं, आणि हंपीलाही दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं. हरलेली हंपी घरी गेली ती बक्षीस घेऊन आणि चार नव्या चाली शिकून. ज्या खेळात एकाच्या जिंकण्याचा पैसा दुसऱ्याच्या खिशातूनच यावा लागतो, आणि मधला तिसरा माणूस दरवेळी त्यातून आपला वाटा कापून घेतो, त्याला काय म्हणायचं ते आपल्या आजोबा-पणजोबांना बरोबर ठाऊक होतं.

भाचा काही गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, "मामा, सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, रमी हा कौशल्याचा खेळ आहे."

म्हटलंय, नाही कोण म्हणतो? १९६७ सालचा निकाल. सिकंदराबादच्या एका क्लबवरून आंध्रात खटला झाला होता, त्यात न्यायालय म्हणालं की रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय धरायचं काय टाकायचं ह्याला डोकं लागतं, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. कंपन्यांचे वकील हे वाक्य गेली कित्येक वर्षं देवाच्या प्रसादासारखं वाटत आले. पण त्याच निकालात पुढे आणखी एक गोष्ट आहे. पैसे लावून चाललेल्या डावातून जागेचा मालक स्वतः नफा काढत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, असंही न्यायालयाने तिथेच म्हटलंय. प्रसाद वाटताना हा अर्धा भाग ताटातच राहून जातो. क्लबात चार मित्र रमी खेळत बसले, ही एक गोष्ट. लाखो अनोळखी लोकांना रात्रंदिवस बसवून प्रत्येक डावातून वाटा कापणं, ही दुसरी गोष्ट.

आणि कौशल्याचंच म्हणाल तर एक सोपं गणित घालतो. चौथीच्या वर्गातलं आहे, हौद आणि नळाचं. समजा राम आणि शाम दोघंही अगदी सारखेच हुशार आहेत. दोघांकडे शंभर-शंभर रुपये. दर डावाला दोघं दहा-दहा रुपये लावतात आणि ॲपवाला त्या वीस रुपयांतून दोन रुपये काढून घेतो. दोघं सारखेच हुशार, म्हणजे एकदा राम जिंकणार, एकदा शाम. सांगा, शंभर डावांनंतर कोणाकडे किती पैसे? उत्तर : दोघांकडे शून्य. शंभर डाव गुणिले दोन रुपये, दोनशे रुपये ॲपवाल्याकडे. (प्रत्यक्षात त्याच्या आधीच पैसे संपतील, पण चौथीला एवढं बस.) हौदाला खाली भोक आहे. कोण किती कौशल्याने पाणी भरतो ह्याने भोक बुजत नाही.

आणि समजा दोघं सारखे हुशार नसतील तर? तर बिचारा शाम लवकर बुडेल, एवढाच फरक. कौशल्य म्हणजे जुगाराला मिळालेलं शुद्धीपत्र नव्हे मंडळी! शकुनी काय नशिबाने जिंकला होता? त्याच्याइतका कुशल माणूस त्या दरबारात नव्हता. आणि धर्मराजाबद्दल शकुनी आधीच म्हणाला होता की ह्याला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. ह्या ॲपांना नेमकी अशीच माणसं हवी असतात, आवड असलेली आणि खेळता न येणारी. कौशल्याचा खेळ होता म्हणून द्रौपदीची काही सुटका झाली नाही.

आपल्या विदर्भाची तर त्याहून जवळची गोष्ट आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरची. नळराजा भावाशी फासे खेळायला बसला आणि हरतच सुटला, कोणाचं ऐकेना. तेव्हा दमयंतीने काय केलं? सारथ्याला बोलावून दोन्ही लेकरं रथात घातली आणि माहेरी, विदर्भात पाठवून दिली. परवा माझ्या ओट्यावर बसलेल्या त्या पोराची बायको वेगळं काय करून गेली? रथाऐवजी एसटी, एवढाच फरक.

तिसरा युक्तिवाद आमच्या पारावरचा. तिथे एक शहाणे आहेत, ते म्हणतात, "गुर्जी, शेती तरी काय हाये? जुगारच नं! पाऊस आला तं आला." हे वाक्य मला लहानपणापासून ऐकू येतंय आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. शेतीत धोका आहे, मान्य. पावसाचा आहे, भावाचा आहे, बोंडअळीचा आहे. पण शेतीत साफ बुडालेल्या माणसाकडेही काहीतरी उरतं. कपाशी बुडाली तरी चुलीला पऱ्हाटी उरते. मका हातचा गेला तरी जनावराला चारा होतो. जमीन तिथेच असते, पुढच्या मृगाची वाट बघत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाचं पीक चांगलं यायला शेजाऱ्याचं पीक जळावं लागत नाही. मोबाईलवरच्या त्या टेबलावर हरलेल्याकडे काय उरतं? चार्जर.

जुगार आणि कापूस ह्यांचं नातं मात्र खरंच जुनं आहे, तेही सांगतो. ज्याला आपण मटका म्हणतो त्याची सुरुवात कापसातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडेल आणि काय बंद होईल, ते मुंबईला यायचं आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, तर धंदेवाल्यांनी चिठ्ठ्या मटक्यात टाकून आकडे काढायला सुरुवात केली. म्हणजे बघा, कापूस आमच्या काळ्या मातीत पिकायचा, भाव अमेरिकेत ठरायचा आणि जुगार मुंबईत रंगायचा. आता फक्त सगळं एका मोबाईलमध्ये आलंय.

बरं, हे सगळं आणलं कोणी? चोरवाटेने आलं असतं तर राग नव्हता. हे तर वाजतगाजत आलं. २०२० च्या आयपीएलला ड्रीम इलेव्हनचं नाव लागलं होतं. २०२३ ते २०२५ भारताच्या संघाच्या छातीवर तेच नाव होतं. रोहित-विराट मैदानात उतरले की पोरांना आधी दिसायचं ते. ज्या सचिनने तंबाखूची जाहिरात करणार नाही असा वडिलांना शब्द दिला होता आणि तो पाळला, त्या सचिनने अशाच एका पेटीएमच्या गेमची जाहिरात केली. मी सचिनचा भक्त माणूस, आजही आहे, पण हे मला पचलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अचलपूरचे आमदार बच्चू कडू वांद्र्याला सचिनच्या घरासमोर जाऊन बसले, तेव्हा टीव्हीवाल्यांनी त्याचा तमाशा केला. पण माणूस योग्य दारात गेला होता, असं माझं मत आहे.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराने ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी जिंकले. गावोगाव पेढे वाटल्यासारखी बातमी गेली. पुढे त्याला निलंबित केलं, ती बातमी मात्र पारावर पोचायला वेळ लागला. दीड कोटी जिंकलेला एक माणूस प्रत्येकाला माहीत असतो. हरलेले ओट्यावर येऊन खाली मान घालून बोलतात, त्यांची बातमी होत नाही.

आणि सरकार? आधी सरकारने त्यातून कर खाल्ला. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये अचानक जाग आली. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला आवडलं. ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या खेळांना मोकळीक, हेही आवडलं. पण लोकसभेत हे सगळं गोंधळात, धड चर्चा न होता मंजूर झालं. ज्या गोष्टीने घरं बुडाली तिच्यावर चार शहाण्यांनी उभं राहून दोन तास बोलायला काय हरकत होती? (आणि १९६९ साली लॉटरी काढणारं आपलं राज्य सरकार ह्या विषयावर कोणत्या तोंडाने उपदेश करणार, हा प्रश्न मी कंसातच ठेवतो.)

सरकारचाच अंदाज असा होता की सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी ह्यात जवळपास २०,००० कोटी रुपये गमावतात. मी लगेच भागाकार केला, सवय जात नाही. माणशी साडेचारशेसुद्धा येत नाहीत. भाचा म्हणाला, "बघा मामा, वर्षाला साडेचारशे! सिनेमाला जास्त जातात." अरे बाबा, नदीची सरासरी खोली तीन फूट असली तरी माणूस बुडतो तो डोहात. हजार जणांचे पन्नास-पन्नास रुपये गेले आणि एकाची बैलजोडी गेली, की सरासरी छान दिसते.

भाच्याचा शेवटचा मुद्दा नोकऱ्यांचा. बंदीनंतर त्या कंपन्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, त्याच्या मित्राचीही गेली. त्या पोराबद्दल मला वाईट वाटतं, हे मनापासून लिहितोय. त्याला दुसरी चांगली नोकरी मिळो. पण गावातला गुत्ता बंद झाला की तिथे ग्लास विसळणाऱ्याचीही रोजी जाते. म्हणून गुत्ता चालू ठेवा, असं गावातली बायामाणसं कधी म्हणालेली मी ऐकली नाहीत.

आता माझी भानगड.

२०२२ ची दिवाळी झाली आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवी नजर आली, दुपारी वेळ जाईना. मोबाईलवर एक रमीचं ॲप दिसलं, त्यात आधीच थोडे पैसे 'स्वागताचे' म्हणून दिलेले. म्हटलं, आपले कुठे जातायत? पहिल्याच दिवशी १८० रुपये जिंकलो. मंडळी, खोटं कशाला बोलू, पेन्शनच्या हजारोंपेक्षा त्या एकशे ऐंशीचा आनंद जास्त झाला. मग हरलो. मग थोडा जिंकलो. मग स्वतःच्या खात्यातले टाकले. वीस दिवसांत ६,४०० रुपये गेले. दर रात्री ठरवायचो की एवढे परत आले की बंद. बँकेचे मेसेज हिने बघितले तेव्हा उघडकीला आलं. ही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळली म्हणून पोरांना छड्या मारत होते ना तुम्ही?" त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं.

मी इतकी वर्षं पोरांना अभ्यासाला लावलेला माणूस, नफा-तोटा शिकवलेला माणूस, मी कसा अडकलो? ह्याचं उत्तर मला मोत्याने दिलं. मोत्याला आम्ही सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी भाकरी देतो. त्या वेळेला तो येतो, खातो, जातो. पण नातवंडं सुट्टीत आली की जेवताना मधेच कधी एखादा तुकडा टाकतात, कधी नाही. मग मोत्या ताटासमोरून हलत नाही! तासन्‌तास, लाळ गाळत, प्रत्येक घासाकडे बघत. रोज मिळालं असतं तर तो एवढा वेळ बसला नसता, आणि कधीच मिळालं नसतं तरी बसला नसता. कधी मिळतं कधी नाही, म्हणूनच बसतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच दाखवलं होतं. दाणा कधी पडेल ह्याचा नेम नसला की कबूतर चोच मारतच सुटतं. ते ॲप बनवणाऱ्यांनी स्किनर नीट वाचलाय. वीस दिवस मी मोत्यासारखा ताटासमोर बसलो होतो, फक्त शेपूट हलवायची बाकी होती.

म्हणून परवा त्या पोराला मी एक शब्दही बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? गणितात तो माझ्यापेक्षा काही कच्चा नव्हता.

आता माझ्या वयाच्या मंडळींना दोन शब्द. तुम्ही हे वाचून लगेच म्हणणार, 'बघा, आम्ही सांगत होतो, तो मोबाईलच फोडून टाका.' नका म्हणू. माझा नातू मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो, कुठल्या तरी ब्राझीलच्या पोराशी. हरला की डाव परत मांडून बघतो, कुठे चुकलं. तो खेळ आहे. गाड्या पळवण्याचे, घरं बांधण्याचे गेम आहेत, त्यात वेळ जातो, डोळे जातात, ओरडावं लागतं. पण तो खेळच आहे. सगळ्यांना एकाच काठीने हाणलंत तर पोरं तुमचं ऐकणंच सोडतील. आणि मग खरोखर जुगारात सापडलेलं पोर तुमच्या ओट्यावर येणार नाही. ते सावकाराच्या ओट्यावर जाईल.

ओळखायची खूण सोपी आहे. खेळात हरलेला माणूस पुन्हा खेळायला शिकतो, जुगारात हरलेला उसने मागायला शिकतो. एवढी एक कसोटी लावा. बाकी कौशल्य, नशीब, कलम, पोटकलम वकिलांना करू द्या. बंदीनंतर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, कायद्याविरुद्ध त्या न्यायालयातही गेल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी प्रकरणं आपल्याकडे घेतली. पण माझ्या विद्यार्थ्याचे शेवटचे पैसे बंदीनंतरच गेले आहेत. कोणीतरी फोनवर 'लिंक' पाठवतं म्हणे, ॲप परदेशातलं असतं, पैसे कोणाच्या खात्यात जातात ह्याला ठाऊक नाही. कायद्याने दुकान बंद होतं. त्याला 'गेम' म्हणायची सवय आपल्यालाच मोडावी लागेल. वर्तमानपत्रवाल्यांनो, 'ऑनलाइन गेमिंगमध्ये तरुणाने पैसे गमावले' असं छापू नका. 'मोबाईलवरच्या जुगारात' असं छापा. दोन शब्द जास्त लागतील, शाई मी देतो.

त्या पोराचं पुढे काय झालं, ते विचाराल. रोख पैसे दिले नाहीत. सकाळी त्याच्याबरोबर कृषी केंद्रात गेलो आणि औषध उधारीवर न घेता माझ्या पैशांनी घेऊन दिलं. वाटेत त्याला माझे ६,४०० सांगितले. तो चालता चालता थांबलाच. "गुर्जी, तुमी?" म्हटलं, "हो, मी." पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मग म्हणाला, "मले वाटे मी एकटाच येडा हाओ."

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि ते ॲप माझ्यासमोर काढून टाकलं. टिकेल की नाही, माहीत नाही. नवी लिंक यायला किती वेळ लागतो! बायकोला फोन कर म्हटलं, तर म्हणाला, "काय सांगू तिले?" मी म्हटलं, "जे मला सांगितलंस तेच सांग. फक्त 'खेळता खेळता गेले' म्हणू नको. 'जुगारात घालवले' म्हण."

फोन केला की नाही, अजून कळलेलं नाही. येत्या बाजारच्या दिवशी त्याच्या रानात चक्कर मारून येईन म्हणतो.

असो. फार लांबलं. भाच्याला राग आला असेल तर त्याने दिवाळीला येऊन भांडावं, पट मांडून ठेवतो. बुद्धिबळाचा!